पाण्यावरचा वारा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पण मान वर करून छताकडे बघू नका, मी तिथे नाही! मी तुमच्या तळहातावर मावेन एवढाच. चौकोनी, काळा, सात पात्यांचा.

१९९८ साली गंगापूर रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी नोकरीला लागलो. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला बसायचं आणि आतली गरम हवा बाहेर फेकायची, एवढंच माझं काम. सात वर्षं मी ते इमानाने केलं. मुलं पडद्यावरची चित्रं पाहून हरखून जायची. माझ्याकडे मात्र कुणाचं लक्षच गेलं नाही. गेलं ते मी खरखर करायला लागल्यावर! सरांनी स्क्रू काढले, माझ्या जागी नवा पंखा बसवला आणि मला भंगाराच्या खोक्यात टाकलं.

त्या खोक्यातून मला उचललं मंजुषाने. ती त्या क्लासमध्ये कॉम्प्युटरची दुरुस्ती शिकत होती.

"सर, हा पंखा नेऊ का? आणि जुना अडॅप्टरही?"

"ने की. पण करणार काय त्याचं?"

"मासे वाचवायचेत," ती म्हणाली. सर हसले. मंजुषा हसली नाही.

मंजुषाचे वडील सावळीराम हे पंचवटीत शिंपीकाम करत. अरुंद गल्लीतलं दुकान, वर पत्रा. शिलाई मशीनच्या शेजारी स्टुलावर दोन फूट लांबीची काचेची टाकी आणि तिच्यात केशरी रंगाचे चार गोल्डफिश. बारीक टाके घालून डोळे दुखायला लागले की सावळीराम मान वळवून माशांकडे बघत बसायचे. म्हणायचे, "माझा चष्मा आहे तो!" आठ वर्षं त्यांनी ते मासे पोटच्या लेकरांसारखे सांभाळले होते.

पण २००५ सालचा तो मे महिना! पत्रा तव्यासारखा तापायचा. त्यात दुपारी तीन-तीन तास लोडशेडिंग. टाकीतलं पाणी चौतीस अंशांवर गेलं. गरम पाण्यात माशांना श्वास पुरत नाही, म्हणून ते वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. सावळीराम घाबरले. त्यांनी धावत जाऊन बर्फाचा मोठा तुकडा आणला आणि टाकीत सोडला. पाणी झटकन गार झालं खरं, पण तो धक्का सगळ्यात मोठ्या माशाला सोसला नाही. तासाभरात तो उलटा होऊन तरंगू लागला. चाराचे तीन झाले.

त्या संध्याकाळी सावळीरामांनी मशीनवर झाकण घातलं आणि मंजुषाला सांगितलं, "उरलेले गंगेत सोडून येतो. माझ्या हातून आणखी एक मेलेला मला बघवणार नाही."

"अण्णा, काचेत वाढलेले मासे ते. नदीत एक दिवस टिकायचे नाहीत!"

"मग इथे तरी कुठे टिकतायत?"

"मला उद्याचा एक दिवस द्या. नाही जमलं तर मी स्वतः तुमच्याबरोबर घाटावर येईन."

त्या एका दिवसासाठीच मंजुषाने मला खोक्यातून उचलून दुकानात आणलं होतं, मित्रांनो! भंगारात पडलेल्या पंख्यावर तीन जिवांचा भार.

सकाळी दहा वाजता तिने मला टाकीसमोर, काचेकडे तोंड करून उभं केलं आणि अडॅप्टर लावला. मी सुटलो की हो! खरखर करत, जीव तोडून फिरलो. काचेला चिकटवलेल्या थर्मामीटरवर तेहतीस होतं. अकरा वाजले, तेहतीस. बारा वाजले, चौतीस! मी एवढा धापा टाकतोय आणि पारा वरच चाललाय? सावळीरामांनी कोपऱ्यातली बादली नुसती पुढे ओढून ठेवली. मासे नदीवर न्यायची बादली.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "पोरी, भिंतीला काय वारा घालतीस?"

त्या होत्या धोंडाबाई. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा मळा. रोज सकाळपासून फुलांच्या पाट्या घेऊन त्या या गल्लीत बसायच्या.

"मग काय करू, मावशी?"

"ह्या पाटीवर बघ. वलं फडकं टाकलंय नं? कोंदट जागंत ठिवलं तर फुलं उकडून जात्यात. पन वाऱ्याला ठिवलं की खालची फुलं गारच्या गार ऱ्हात्यात. फडक्यातलं पानी वारा पितो, आन् जाताना गरमी घिऊन जातो. तुझा पंखा पान्यावर धर, काचंवर नाय!"

मंजुषाने कपाळावर हात मारला. "पुस्तकात वाचलंय की हे मी! बाष्पीभवन!"

"तुझं ते नाव मला ठावं नाय. पन फुलं माझी टवटवीत हायेत," धोंडाबाई म्हणाल्या.

मग काय धांदल उडाली! मंजुषाने टाकीचं झाकण काढलं, आतला दिवा बंद केला. सावळीरामांची लाकडी पट्टी टाकीवर आडवी टाकली आणि मला दोऱ्याने तिच्यावर घट्ट बांधलं, थोडं तिरपं, पाण्याकडे तोंड करून. मी फुंकर घातली तशी पाण्यावर बारीक लहरी उठल्या. थर्मामीटरचा पारा जागचा हलला. अगदी रेघभर, पण खाली!

"अण्णा, उतरला!"

सावळीराम उठून आले, चष्मा पुसून वाकले. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

माझी पाती मंदावली आणि थांबली. आता चार वाजेपर्यंत वीज येणार नव्हती. मासे पुन्हा वर आले. तोंडं उघडमीट, उघडमीट. सावळीरामांनी बादलीची कडी हातात घेतली.

"अण्णा, थांबा! हा पंखा बारा व्होल्टचा आहे," मंजुषा म्हणाली आणि तशीच चप्पल न घालता रस्त्यावर धावली. गल्लीच्या तोंडाशी लखन आपल्या रिक्षात आडवा होऊन डुलकी काढत होता.

"लखनदादा, तुमच्या रिक्षाची बॅटरी पाहिजे!"

"काय गं, रिक्षा चोरायची का?"

"नाही हो, मासे मरतायत!"

लखन एका उडीत खाली उतरला. बॅटरी काढत बसायला वेळ कुठला! त्याने रिक्षाच ढकलत दुकानाच्या दाराशी आणली. बॅटरीपासून माझ्यापर्यंत लांब वायर ओढली. मंजुषाने टोकं जोडली.

मी फिरलोच नाही.

"मेला वाटतं तुझा पंखा," लखन हळूच म्हणाला. नाही, मी मेलो नव्हतो! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पंख्याला कुठे बोलता येतं? मंजुषा क्षणभर वायरींकडे बघत राहिली. "उलट्या लागल्यात!" तिने टोकांची अदलाबदल केली आणि मी असा भर्रकन फिरलो की पट्टीसुद्धा थरथरली!

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. कपडे शिवून घ्यायला आलेली गिऱ्हाइकं थांबून राहिली. धोंडाबाई ओटा सोडून दारात येऊन बसल्या. दोन भाडी आली, ती लखनने सोडून दिली. मंजुषा दर थोड्या वेळाने आकडा सांगायची आणि बाहेर रस्त्यापर्यंत तो पोचायचा. तेहतीस! साडेबत्तीस! बत्तीस! चार वाजता वीज आली, तेव्हा पारा एकतीसवर होता. तिन्ही मासे खाली उतरून तळातल्या खड्यांत तोंड खुपसून खाऊ शोधत होते.

सावळीरामांनी बादली उचलली. त्यांनी ती दुकानाबाहेर नेऊन पालथी घातली आणि तिच्यावर लखनला बसवून चहा पाजला.

तो सगळा उन्हाळा मी काम केलं. मी पाणी उडवत असल्यामुळे टाकीतली पातळी रोज दोन बोटं खाली जायची. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, दुकानातल्या गरमीशी जुळलेलं पाणी सावळीराम तिच्यात हळूहळू ओतायचे. पुढे कधी माझी खरखर वाढली, तेव्हा त्यांनी मला फेकलं नाही. माझ्या पाठीवर चिकटवलेला कागद सोलून, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब आत सोडला. सात वर्षं कुणाला जे सुचलं नव्हतं, त्या एका थेंबाने माझी खरखर थांबली.

आता मी थकलो आहे. माझ्या जागी दोन नवे पंखे फिरतात. ते बसवले त्या दिवशी मंजुषाने मला पट्टीवरून सोडवलं, तेव्हा सावळीराम म्हणाले, "भंगारात नको गं. त्याला इथेच ठेव, टाकी दिसेल असा." म्हणून मी टाकीशेजारच्या फळीवर आहे आणि मला तिन्ही मासे दिसतात.

मित्रांनो, एक विनंती करतो. उन्हाच्या दिवसांत तुम्हाला तहान लागली की तुम्ही गार पाणी मागता. तुमच्या घरातल्या मुक्या जिवाला मागता येत नाही. म्हणून भर दुपारी एकदा त्याच्या पाण्याला बोट लावून बघत जा. ते कोमट लागलं, तर तो केव्हापासून तुम्हाला हाका मारतोय, असं समजा.