मापाचे पाणी

मी एक जुना स्टीलचा पेला आहे. पेल्याला कसली आली आहे कहाणी, असे तुम्ही म्हणाल. मित्रांनो, मला आहे, आणि ती फारशी गोड नाही.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात माझ्यावर चंद्रिकाअक्काचे नाव घातले गेले. तिच्या धाकट्या भावाच्या, रुद्रप्पाच्या, लग्नातला मी आहेर. आई लवकर गेली म्हणून अक्कानेच त्याला कडेवर घेऊन वाढवले होते. पुढे ती अक्कलकोटला नांदायला गेली, आणि रुद्रप्पाचे लग्न झाले तेव्हा मी त्याच्या घरी आलो.

रुद्रप्पा शाळेचे गणवेश शिवायचा. त्याची बायको दाक्षायणी काजे-बटणे करायची. सोलापूरच्या उन्हाची गोष्ट मी काय सांगावी! दारात पोस्टमन येवो की कालच भांडून गेलेला शेजारी, दाक्षायणी आधी मला भरून पुढे करायची. पाण्याला नाही म्हणू नये, हा त्या घराचा धर्म होता. त्याचा मला भारी गर्व वाटे.

वाकून शिवल्याने रुद्रप्पाची पाठ दुखायची. मग डॉक्टरला न विचारता दुकानातून गोळी आणायची आणि माझ्यातल्या पाण्याबरोबर गिळायची, असे वर्षानुवर्षे चालले. रक्तदाब कुणी मोजलाच नाही. सगळे अंगावर काढले. शेवटी पाय सुजले, धाप लागू लागली, तेव्हा कळले की दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि प्यायचे पाणी मोजून. जास्तीचे पाणी शरीराबाहेर पडत नव्हते, ते छातीत साठायचे.

माप म्हणून दाक्षायणीने मलाच निवडले. पाहुण्यांसमोर मिरवणारा मी आता औषधांच्या डब्याशेजारी बसू लागलो. एका दुपारी रुद्रप्पाने मला रिकामा पुढे केला.

“एक घोट दे की गं.”

“संध्याकाळी देते,” म्हणून ती आत गेली आणि पदरात तोंड खुपसून रडली. दुसऱ्या कुणाला कधी नाही न म्हणणारी बाई नवऱ्याला पाणी नाही म्हणत होती. मला माझीच चीड आली.

पण डायलिसिसला शेजारच्या खाटेवर पारूबाई भेटली. एकटीच यायची, एकटीच जायची, आणि तरी सगळ्यांची चेष्टा करायची. ती म्हणाली, “तहान लागली की चूळ भरून टाका. बर्फाचा बारका खडा चघळा. आन् शिवायला बसा की! हात कामात आसला की तहान इसरती.”

तिचे ऐकून रुद्रप्पाची शिलाई पुन्हा सुरू झाली. भाज्यांतले क्षार उतरावेत म्हणून दाक्षायणी त्या चिरून, पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून शिजवायला शिकली. मीठ कमी झाले. पारूबाईला घरी सोडायला ती आपल्याच रिक्षात घेऊ लागली. आजार गेला नाही, पण घरात हसणे परत आले.

एकच गोष्ट राहून गेली. “अक्काला पथ्याचं सांगू नको, जिवाला लावून घेईल,” असे रुद्रप्पा म्हणे. म्हणून तो आजारी आहे एवढेच अक्काला कळले, पथ्याचे कुणी सांगितले नाही.

वैशाखात अक्का आली ती पिशवीभर शहाळी घेऊन. दाक्षायणी गणवेश पोचवायला गेली होती.

“तम्मा,” धाकट्या भावाला ती कानडीत अशीच हाक मारी, “वाळून काटकी झालास की रे! घे, शहाळं पी.”

“नको अक्का, मला पाणी मोजून असतंय.”

“मोजून? कुणी सांगितलं, तिनं? माझ्या भावाला पाण्यासाठी तरसवती व्हय?”

आजारी माणसाला शहाळे द्यावे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. अक्काने मला काठोकाठ भरले, पुन्हा भरले. रुद्रप्पा एकदा दाराकडे बघून प्याला. आणखी नको म्हटले असते, तर बायकोला बोल लागला असता. आणि मित्रांनो, त्याला तहानही फार होती. किती दिवसांनी त्याचा चेहरा निवला! मीही सुखावलो. मला तरी काय ठाऊक?

संध्याकाळी त्याचे हातपाय गळाले. शहाळ्यातले पोटॅशियम निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही, त्याने हृदयाचा ठोका बिघडतो. दवाखान्यात नेताना रिक्षात त्याने दाक्षायणीला सगळे सांगितले आणि म्हणाला, “अक्काला बोलू नको.” तो परत आला नाही.

सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला अक्का रडत सांगायची, “तहानलेला गेला माझा तम्मा. हिनं पाणी तोडलं त्याचं.” दाक्षायणी खाली मान घालून ऐकायची. मला तोंड असते तर तेव्हाच ओरडलो असतो.

एके दिवशी पारूबाई भेटायला आली. उन्हातून आलेली, आजारी बाई. अक्काने मायेने शहाळे फोडले आणि मला भरून तिच्यापुढे धरले.

पारूबाई मागे सरली. “नगं माय. आमाला शहाळं म्हंजी ईख हाय. रुद्रप्पाला ठावं होतं की. कुनी दिलं तरी शिवत नव्हता.”

मी अक्काच्या हातातून निसटून फरशीवर पडलो. अक्काने सावकाश दाक्षायणीकडे पाहिले.

“तुला ठावं होतं?”

दाक्षायणीने मान हलवली.

“मी इतकं बोलले. तोंड का उघडलं न्हाईस गं?”

“त्यांनी सांगितलं होतं, अक्काला बोलू नको.”

अक्काने तिथेच बसकण मारली आणि हंबरडा फोडला. दाक्षायणीने तिचे डोके मांडीवर घेतले. घरातले कुणी मला उचलायला आले नाही, आणि मलाही उचलले जावेसे वाटले नाही.

आता अक्का सोलापुरातच असते. पारूबाईच्या डायलिसिसला सोबत जाते, तिच्या खाटेशेजारी बसून राहते. नवीन पेशंटच्या नातेवाइकांना स्वतःची गोष्ट सांगते. सांगताना प्रत्येक वेळी रडते, पण सांगते.

मित्रांनो, आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा हातात काही नेण्याआधी घरच्यांना विचारा. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याचे पथ्य आपल्या माणसांपासून लपवू नका. आणि पाणी मोजून देणाऱ्या बाईला निर्दय म्हणू नका. ती मला अर्धाच भरायची, आणि भरताना पदराने डोळे कशी पुसायची, ते मी पाहिले आहे.