अर्ध्यावर अडकलेला होकार

हे कोणी खरं मानणार नाही. पिंपळगाव राजात मानणार नाही, खामगावात तर तोंडावर हसतील. पण मस्कतमध्ये बसलेल्या एका माणसानं होकार दिला आणि तो होकार आमच्या गावच्या कॉम्प्युटरमध्ये आठवडाभर अडकून पडला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता, पण दुसरा अगदी ठणठणीत होता.

मी अशी सुरुवात केली तेव्हा आम्ही शकूर पिंजाऱ्याच्या दुकानात बसलो होतो. लाइट गेली होती, म्हणून कापूस पिंजायचं यंत्र बंद. शकूर पिंजलेल्या ढिगाला टेकून बसलेला. त्याचा मुलगा अजहर दाराशी मोबाइल चाळत होता. आणि अन्नपूर्णावहिनी जुन्या गादीचा कापूस पुढ्यात घेऊन, त्यातला कचरा वेचत, लाइट यायची वाट बघत होत्या. गोष्ट त्यांच्याच घरची. त्या समोर असल्या की मला सांगायला हुरूप येतो. त्या कधी मध्ये बोलत नाहीत.

"कचरूभाऊ, मागच्या खेपेले तीनच दिस अडकला होता," शकूर म्हणाला.

"तवा तू पेंगत होता. आयक आता नीट."

वहिनींचा अविनाश शेती सोडून गेला ते लाल्याचं साल. बीटी कापूस कमरेइतका वाढला आणि बघता बघता पानं लाल पडली. बोंडं सुपारीएवढी राहिली. त्याच्या आधीच्या सालीही तसंच झालं होतं. अविनाशनं एका सकाळी वखर बांधावर टेकवला, म्हणाला, "ह्या झाडाले आता माहा हात लागत नाही," आणि एजंट गाठून मस्कतला फिटर म्हणून निघून गेला. करार दोन वर्षांचा होता. तो संपत आला तसं तिथल्या मालकानं सांगितलं, अजून तीन वर्षांवर सही कर. सही शनिवारी करायची होती.

वहिनींना वाटत होतं, पोरानं परत यावं. पण हे त्यांना फोनवर विचारायचं नव्हतं. "फोनवर पोरगं कायबी सांगते," त्या म्हणायच्या. "म्या त्याचं तोंड पाहून इचारीन." म्हणून शुक्रवारी, त्याच्या सुटीच्या दिवशी, अजहरच्या कॉम्प्युटरवर बोलायचं ठरलं.

अजहरचं दुकान म्हणजे ह्याच खोलीचा अर्धा भाग. मध्ये जुन्या चादरीचा पडदा. अलीकडे बाप कापूस पिंजायचा, पलीकडे पोरगा लोकांचे फोटो काढून द्यायचा, निकाल दाखवायचा. चोरीच्या विंडोजमध्ये सारखे व्हायरस शिरायचे, म्हणून त्यानं कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं होतं. फुकटचं, आणि उघडं. म्हणजे ज्याला समजतं त्यानं आत डोकावून पाहावं, दुरुस्त करावं. चालायचंही छान. पण मग कोणीतरी खामगावला पाहून आलं की ह्याच लिनक्सवर कॉम्प्युटरचा पडदा चौकोनी ठोकळ्यासारखा गरगर फिरतो आणि खिडक्या ओल्या पापडासारख्या थरथरतात.

त्यासाठी ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागायचा. पडद्यावर चित्र कसं काढायचं हे मशीनला सांगणारा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. लिनक्सबरोबर आलेला साधा होता. कंपनीचा दिमाखदार होता, पण अजहरला पटत नव्हता.

"ही बंद बॅग हाय काका," तो म्हणाला. "आत काय भरलं ते कंपनीलेच माहीत."

"टाक बे! बियाण्याच्या बॅगा तरी आपण कवा फोडून पाह्यल्या?" असं कोणीतरी म्हणालं. दुकानात गर्दी होती.

दाराशी बसलेल्या अजहरनं मोबाइलमधून मान वर केली. "कोणीतरी?"

"गर्दी होती म्हणलं ना!"

तर ठोकळा फिरायला लागला. वरवट बकालची माणसं बैलगाडी जुंपून तो बघायला यायची. इतकी, की गावाबाहेर गाड्या सोडायला जागा उरली नाही. (इथं शकूर नेहमी हसतो. हसला.)

शुक्रवारी वहिनी धुतलेलं लुगडं नेसून आल्या. अजहरनं त्यांच्या कानाला हेडफोन लावला, त्यांनी त्यावरून पदर घेतला. आम्ही चार-पाच जण मागं उभे. पडद्यावर अविनाश आला. वाळला होता. वहिनींनी जेवणाचं विचारलं, उन्हाचं विचारलं. मग जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आता येतो का बापू घरी?"

आणि चित्र अडकलं.

तोंड मिटलेलं, नजर खाली, मान किंचित वाकलेली. बाण हलेना, बटणं चालेनात. अजहरला घाम फुटला. मी डबड्याला चापट मारली, मग दुसरी मारली. वहिनी मात्र त्या तोंडाकडं बघत राहिल्या. बघता बघता त्यांनी हेडफोन काढला, अंडं ठेवावं तसा हळूच टेबलावर ठेवला, आणि कोणाशी न बोलता निघून गेल्या. पोरगं दगडासारखं गप बसलं, त्याला यायचंच नाही, असं समजल्या बिचाऱ्या. अजहरनं बटण दाबून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तोवर मस्कतची लाइन तुटली होती. शनिवारी अविनाशनं सही केली.

"माह्याच दुकानात झालं," अजहर आताही तेच बोलला. तेव्हा तर तो धड जेवत नव्हता. हे मशीन असं का अडकलं ते शोधून काढल्याशिवाय त्याला चैन नव्हतं.

आधी वाटलं, तापलं असेल. डबडं उघडलं तर आत पंख्याला बापाच्या कापसाचे पुंजके गुंडाळलेले. दीड उशी भरेल एवढा कापूस निघाला.

"अन् थ्या उशीवर तूच झोपतो अजून," शकूर म्हणाला.

कापूस काढला तरी अडकायचं ते अडकलंच. मग मेमरीची पट्टी खोडरबरानं घासली. दुसऱ्याचा स्टॅबिलायझर आणून लावला. काही फरक नाही. शेवटी अजहरनं एक युक्ती केली. मशीनवर गाणं लावलं आणि ठोकळा गरगर फिरवत बसला. थोड्या वेळानं पडदा थिजला. पण गाणं चालूच! संपलं, आणि पुढचं सुरू झालं.

"काका!" पोरगं ओरडलं. "मशीन जित्तं हाय! आवाज चालू हाय, नुसतं चित्र मेलं!"

म्हणजे दोष कापसाचा नाही, विजेचा नाही. चित्र काढणाऱ्याचा. कंपनीचा ड्रायव्हर मध्येच हातपाय गाळत होता. अजहरनं इंटरनेटवर विचारलं, ब्राझीलमधल्या कोणा भल्या माणसानं उत्तर दिलं: तो काढ, साधा परत टाक, ठोकळ्याचा नाद सोड. काळ्या पडद्यावर अक्षरं टंकत त्यानं तसं केलं. ठोकळा गेला, पापड गेले. पडदा विधवेच्या कपाळासारखा साधा झाला, पण पुन्हा कधी थिजला नाही.

"आता आयका," मी आवाज खाली आणला. "मशीन नव्यानं चालू झालं तवा पयलं काय आलं? अविनाशचं तोंड! जिथं अडकलं होतं तिथून म्होरं. वाकलेली मान अजून खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. हाव म्हणत होता पोरगा! तोंडातून शब्द नाही. म्या तसाच पळत वहिनीकडं गेलो, सांगतलं. पण सही होऊन गेली होती. थो ठोकळा नसता नं, तर अविनाश आज ह्या ढिगावर बसून माही गोष्ट आयकत असता."

शकूरनं मान डोलावली. त्यानंतर अविनाश दोनदा सुटीवर येऊन गेला. त्याला कोणी काही विचारलं नाही. असं विचारायची गावात रीत नाही. तो अजून तिकडेच आहे आणि वहिनींच्या शेतात दुसरा माणूस कापूस लावतो.

"भाऊजी."

वहिनी बोलल्या होत्या. हात कापसातच होता.

"चित्र अडकलं तरी आवाज चालू राह्यते, असं तुमीच सांगता नं दर खेपेले?"

"हाव, पण..."

"अन् हेडफोन कोणाच्या कानात होता?"

मी पंख्याकडं पाहिलं. लाइट अजून आली नव्हती.

"मान नाही हालवली त्यानं," वहिनी म्हणाल्या. "तुमी डबड्याले चापटा मारत होते तवा थो बोलत होता. 'नाही येत माय. त्या वावरात मले पुन्हा नको बलावू.' दोनदा म्हणला. म्या आयकलं, मंग हेडफोन काढला. खोटं सांगता तुमी, भाऊजी."