पुठ्ठ्यावरची चार बोटं

माझी नणंद चंद्रव्वा हिचं लग्न अक्कलकोटला झालं ते साल १९३२. मांडव उतरून चार दिवस झाले नाहीत तोच माझे थोरले दीर ईरप्पा एक बंदूक घेऊन घरी आले. कापडाच्या गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती.

सासूबाईंनी दार लावून घेतलं. "यव्वा! शिपायानं बघितलं तर समद्यास्नी बांधून नेतील की!"

त्यांचं चुकत नव्हतं. सोलापुरात लष्करी कायदा लागून गेला त्याला दोनच वर्षं झाली होती. 

"अगं अव्वा, हवंची बंदूक हाय ही," भावजी हसत म्हणाले. "दारू न्हाय, काय न्हाय. नळी वाकवायची, आतली स्प्रिंग दबती. घोडा वडला की हवा सुटती आन छर्रा भाईर. पाखरं मारायची साहेब लोकं."

"मग तू काय मारणार हाईस?"

"संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रंत खेळ मांडणार. माणसं पैसं देऊन मारतील."

आमचा तेलाचा घाणा होता. करडई गाळायची आणि तेल विकायचं, हाच घरचा धंदा. पण माझ्या मालकांना घाण्यावर काम होत नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बैल बुजला, घाण्याची फिरती लाट, बैल ओढतो ते जड लाकूड, सुटून त्यांच्या अंगावर आली आणि डावा पाय गुडघ्याखाली चेचला. तेव्हापासून ते ओसरीवर बसून असत. बसून असणाऱ्या माणसाला घरात कुणी काही बोलत नाही, पण ताट वाढताना भांडी वाजतात. ती वाजली की ते माझ्याकडे बघत नसत.

म्हणून त्या खेळात आपल्याला बसून करायचं काम आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून पाखरं केली. पोपट, बदक, कोंबडा. सायकलच्या रिंगेवर ती बसवली. समोर पत्र्याचा पडदा, पडद्याच्या वर पाखरं फिरणार, आणि पडद्यामागं पाटावर बसून हे हातानं रिंग फिरवणार. छर्रा लागला की पाखरू मागं पडायचं. पडलेलं पाखरू त्यांनी दोरी ओढून उभं करायचं.

"बग तरी," ते मला म्हणाले, "पाय नसला तरी पाखरं उडवतोय का न्हाय मी."

"आवो, पण छर्रा पाखराला न लागता खाली पत्र्यात घुसला तर?"

"पत्रा हाय की मधी."

"पत्रा डब्याचा हाय. माझी सुई बी जाती त्यातनं."

मी भावजींशी समोरासमोर बोलत नसे. सासूबाईंकरवी सांगितलं, पडद्याला दुहेरी पत्रा लावा. भावजी हो म्हणाले. दुसरा पत्रा आणूनही ठेवला.

मग परवानगीचा घोळ सुरू झाला. फौजदार म्हणाला, बंदूक जत्रेत आणायची तर तिचा छर्रा किती जोरात जातो ते मोजून दाखवा. सेकंदाला पाचशे फुटांच्या आत असेल तर हरकत नाही. हा आकडा त्याला कुणी सांगितला कोण जाणे. आमच्या घरात तेल मोजायचं माप होतं, छर्रा मोजायचं कुठून असणार?

भावजींचा दोस्त जोतीराम कापडाच्या गिरणीत फिटर होता. तो ऐकून म्हणाला, "सोपं हाय. फिरता शाफ्ट पायजे आन दोन पुठ्ठं."

आमच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. तिथं इंजिनाच्या पट्ट्यावर एक लांब लोखंडी शाफ्ट भिंतीच्या कडेनं फिरायचा. जोतीरामनं त्या शाफ्टवर ताटाएवढे दोन गोल पुठ्ठे बसवले, दोन्हींत चार फुटांचं अंतर ठेवून. दोन्हींवर एकाच रेषेत खडूची खूण केली. बंदूक बाकाला दोरखंडानं आवळून बांधली. मी जोंधळ्याची पाटी घेऊन तिथंच उभी होते. दळण मुद्दाम त्याच दिवशी नेलं होतं.

"वैनी, बगा," जोतीराम म्हणाला. "दोन्ही पुठ्ठं एकाच दांड्यावर, संगट फिरणार. छर्रा पयल्यातनं दुसऱ्यापातुर जाईस्तोवर दुसरा पुठ्ठा जरा फिरून पुढं गेलेला असतोय. म्हणून भोक समोरासमोर पडत न्हाय, सरकून पडतंय. छर्रा हळू असंल तर भोक लांब सरकणार. जलद असंल तर कमी."

"म्हंजी भोक जितकं लांब तितकं बरं?"

"तुमच्या मालकास्नी तितकं बरं," तो हसून म्हणाला.

"आन जवळ पडलं तर?"

"तर पाखरं सोडा, आम्हालाच पळावं लागंल."

इंजिन सुरू झालं. पुठ्ठे फिरायला लागले, खडूची खूण दिसेनाशी झाली. जोतीरामनं शाफ्टच्या टोकाला फेरे मोजायचं यंत्र टेकवलं आणि मान हलवली. भावजींनी घोडा ओढला. फट् असा बारीक आवाज झाला, ओला कपडा दगडावर आपटल्यासारखा. नळी वाकवताना आत करकर वाजत होतं.

"आतला चामड्याचा वायसर वाळलाय की रं," जोतीराम म्हणाला.

"घरी गेल्यावर तेल घालतो," भावजी म्हणाले. "तेलाला काय कमी हाय आपल्यात?"

तिथं भावजी होते, जोतीराम होता, गिरणीवाला होता, मालक होते, मी होते. सगळ्यांनी ते ऐकलं. त्यात थांबून विचार करण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. आमच्या घरात गाडीचं चाक वाजलं तरी करडईचं तेल, दाराची बिजागरी वाजली तरी करडईचं तेल, सासूबाईंचा गुडघा वाजला तरी तेच.

इंजिन थांबल्यावर जोतीरामनं पुठ्ठे काढले, खूण खुणेवर ठेवून एकावर एक धरले. मला तेव्हा आकडे वाचता येत नव्हते. मी दोन भोकांच्या मध्ये बोटं ठेवली. चार बोटं बसली. तीन वेळा छर्रा मारला, तिन्ही वेळा चार बोटं.

जोतीरामनं कोळशानं भिंतीवर हिशेब केला. "साडेतीनशे फूट. जरा इकडं तिकडं." मग त्यांनी डब्याचा पत्रा उभा करून त्यावर मारून बघितलं. पत्र्याला पोचा आला, भोक पडलं नाही. मालकांनी तो पोचा अंगठ्यानं चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं बघितलं.

फौजदारानं परवानगी दिली.

जत्रेच्या आदल्या दिवशी होम मैदानावर मांडव बांधताना वरून ऊन यायला लागलं. भावजींनी पडद्याचा दुसरा पत्रा काढला आणि वर छपराला ठोकला. मी सासूबाईंना म्हणाले, त्यांनी भावजींना सांगितलं.

"अव्वा, मोजलंय की सगळं," भावजी म्हणाले. "पत्र्यानं छर्रा अडतोय हे तिच्याच डोळ्यांनी बघितलंय तिनं. आता मोजून बी भ्यायचं म्हंजी काय?"

 मीच बोटं ठेवून बघितली होती.

पहिल्या दिवशी खेळाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. देवाच्या मानाच्या काठ्यांची मिरवणूक, पाळणे, मिठाईची दुकानं, त्यात आमचा फट् असा आवाज कुणाला ऐकू जाणार? दुसऱ्या दिवशी बंदूक फारच करकरायला लागली. तेल घालायचं राहूनच गेलं होतं. भावजींनी घरून तेलाची बाटली आणली, नळी वाकवून भोकातून तेल सोडलं आणि जरा जास्तच सोडलं.

पुढचा छर्रा सुटला तेव्हा धाड् असा आवाज झाला. नळीतून निळसर धूर निघाला. पाखरू नुसतं पडलं नाही, उपटून मागं उडालं.

लोक वळून बघायला लागले. "आरं, खरी बंदूक हाय ही!"

मालकांनी पडद्यामागून ओरडून विचारलं, "अण्णा, काय झालं?"

"बंदूक बोलाय लागली!" भावजी म्हणाले. "तेल पायजे हुतं तिला!"

गर्दी झाली. आवाज कमी झाला की भावजी पुन्हा थेंब सोडायचे, पुन्हा धाड् व्हायचं, आणि नवी माणसं यायची. मी बाजूला छर्‍यांची डबी घेऊन बसले होते. मालक आतून कोंबडा आरवल्यासारखा आवाज काढायचे, लोक हसायचे. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना इतक्या मोठ्यानं ओरडताना ऐकलं.

दुपारी बार्शीकडचा एक जोंधळ्याचा व्यापारी आला. तो नवशिका होता. त्यानं बंदूक खांद्याला लावली, नळी खाली झुकली. धाड् झालं. एकही पाखरू पडलं नाही.

"चुकलं की ओ सावकार!" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

रिंग फिरत फिरत मंद झाली आणि थांबली.

"शिवलिंगा, फिरीव की," भावजी म्हणाले. "शिवलिंगा! झोपला काय रं?"

मी पडद्यामागं गेले. ते पाटावरच होते, डोकं रिंगेला टेकलं होतं. उजव्या डोळ्याच्या जागी रक्त होतं. पत्र्यात वाटाण्याएवढं भोक होतं आणि त्यातून पलीकडचं ऊन आत येत होतं. हातात दोरी तशीच होती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छर्रा डोळ्यातून मेंदूत गेला आहे, तो काढता येणार नाही. रात्र निघाली. सकाळी त्यांनी एकदा माझं बोट धरल्यासारखं केलं. 

आठ दिवसांनी फौजदारानं जोतीरामला बोलावलं. त्याचं म्हणणं, तुझं माप खोटं होतं. जोतीरामचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "पुन्ना मोजतो. तुमच्या समोर." तोच शाफ्ट, तसेच पुठ्ठे. मी सुतकात होते, तरी गेले. कुणी मला अडवलं नाही.

बंदूक ठाण्यात आठ दिवस नुसती पडून होती. घोडा ओढला, फट् झालं. पुठ्ठे जुळवले. चार बोटं.

"बगा," जोतीराम म्हणाला. "खोटं न्हाय ते."

"मग पत्र्यातून गेला कसा?" फौजदारानं विचारलं.

 तेव्हा भावजी पुढं आले. त्यांनी धोतराच्या ओच्यातून तेलाची बाटली काढली.

"काय करतोस?"

"तितं करत हुतो ते करतो."

त्यांनी नळी वाकवून तेल सोडलं. घोडा ओढला. धाड् झालं, निळा धूर गिरणीभर झाला, दळणाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून मागं सरल्या. जोतीरामनं पुठ्ठे खुणेवर खूण ठेवून धरले आणि माझ्यापुढं केले. मी बोटं ठेवली. तिसरं बोट मावलं नाही.

"तेल पेटतंय आत," जोतीराम हळूच म्हणाला. "हवा दाबून तापती, तेल पेट घेतंय. ही हवंची बंदूक ऱ्हात न्हाय मग. दुप्पट जोर झालाय."

भावजी त्या दोन भोकांकडे बघत राहिले. मग त्यांनी बाटली फौजदाराच्या हातात दिली, जसा काही तोच गुन्ह्याचा माल होता. फौजदारानं ती हुंगली आणि गोंधळून म्हणाला, "हे तर खायचं तेल आहे."

"व्हय," भावजी म्हणाले. "आमच्याच घाण्याचं."

फौजदारानं अपघात म्हणून लिहून घेतलं. बंदूक त्यानं परत दिली नाही, कुणी मागितलीही नाही. भावजींनी घाणा चालवला, चालवावाच लागला, सगळ्यांची पोटं त्यावर होती. पण त्या दिवसापासून ते स्वतः तेलाला हात लावत नसत. गाळलेलं तेल सासूबाई भरायच्या, नंतर मी भरायला लागले. त्यांच्या गाडीचं चाक वाजत असायचं. गल्लीतली माणसं म्हणायची, तेल्याची गाडी आणि वाजतीया! ते गाडी पुढं हाकायचे.

नवऱ्याचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. इथं लिहिते. शिवलिंगप्पा, वय तीस, सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात सोमवारी, १६ जानेवारी १९३३ रोजी, सकाळी वारले.