ठकूबाईचं आवाळू

उमरठच्या चांगूला बायकोच्या गळ्यावरच्या आवाळूची लाज वाटायची. लग्नकार्याला तो एकटाच जायचा, आणि ठकूबाईला घरातसुद्धा गळ्याभोवती पदर गुंडाळायला लावायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. मग तिचा आवाज घोगरा झाला, घास उतरेना, तेव्हा कुठे तो तिला महाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी गळा चाचपला. “असं मऊ आवाळू घेऊन माणसं म्हातारी होतात, सहसा त्यातून काही निघत नाही. पण त्यातली ही डावीकडची गाठ दगडासारखी टणक आहे, हलतही नाही. मला कर्करोगाची शंका येते. कधीपासून आहे ही?”

चांगूनं बायकोकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं.

“गेल्या शिमग्यापासनं,” ठकूबाई म्हणाली.

“मग मला बोललीस का नाय गो?”

“तुमी माज्या गळ्याकडं कदी बगितलंत?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच चांगूला मान वर करवेना.

मुंबईच्या इस्पितळात उशीर झाला म्हणाले. त्याच पावसाळ्यात ती गेली. भेटायला येणाऱ्यांना चांगू “आवाळूनं गेली” एवढंच सांगायचा, आणि सांगताना दर वेळी जमिनीकडे बघायचा.