पेटीतल्या सासूबाई

दुकानातल्या शिडीवरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा बंद होता. समजायचं सगळं, शब्द मात्र ओठांपर्यंत पोचत नव्हते. म्हणून वाचातज्ज्ञ बाईंनी आठ बटणांची पेटी दिली. बटणावर चित्र, दाबलं की आधी भरून ठेवलेलं वाक्य ऐकू यायचं. वाक्यं सुनेने भरली होती, अगदी गोड आवाजात. ‘जरा पाणी देता का?’

सासूबाईंनी ते एकदाच ऐकलं आणि पेटी दूर ढकलली.

“त्या वापरत नसतील तर दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल,” बाई आज म्हणाल्या. सुनेला तेच नको होतं. पेटी गेली की पुन्हा चुकीचे अंदाज, पुन्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडणार.

“त्यांना हा आवाज परका वाटत असेल. त्यांच्यासारखं बोलणारं घरात कोणी आहे?” बाईंनी विचारलं.

“आहे की,” सासरे छताकडे बघत म्हणाले. “स्वयंपाकघरात रोज प्रयोग असतो.”

सुनेला कुठे तोंड लपवू असं झालं. सासूबाईंची नक्कल करून तिने नणंदेला कितीदा हसवलं होतं, तेही नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून! आता खुद्द त्यांच्यासमोर? पण बाई पेटीची वायर गुंडाळू लागल्या होत्या. सुनेने कमरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि नवं वाक्य भरायला पाण्याचं बटण दाबून धरलं.

“अगं ए, पाणी आणतेस की विहीर खणायला गेलीस?”

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पेटी ओढून घेतली आणि बटण दाबलं. तो खणखणीत आवाज ऐकताच सासरे सवयीने ताडकन उठले आणि पेला भरूनच थांबले. सासूबाईंचे खांदे हलू लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. एक घोट घेऊन त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

“अगं, आत्ताच दिलं ना!” सासरे म्हणाले.

पुन्हा दाबलं.

पेटी राहिली. सून एकेक वाक्य बदलत गेली. सासूबाई मान हलवून हात वर करायच्या: अजून मोठ्याने!

“दार तरी लावा,” सासरे कळवळले, “शेजारी ऐकतील.”

सुनेने शेवटचं बटण दाबून धरलं. “ऐकू देत! मी काय कोणाच्या घरी चोरी केलीय?”

सासूबाईंनी टाळीसाठी हात पुढे केला.