चौदाव्या घरातली काच

मित्रांनो, मला कुणी रस्त्याने उचलून नेताना पाहिले, तर तुम्हाला वाटेल की घड्याळाची पेटी चालली आहे. अगदी सुरुवातीला माझाही तसाच समज होता. आमच्या गावचा सुतार उर्बानो त्या हिवाळ्यात घड्याळांच्या पेट्या करत होता. अक्रोडाच्या एकाच फळीतून दोन पेट्या आणि मी, अशा आम्ही तिघी निघालो. त्या दोघींच्या पोटात लंबक बसले. माझ्या पोटात मात्र वीतभर उंचीची मारियामाता येऊन उभी राहिली. तिच्यापुढे काच लागली, काचेपुढे दोन दारे लागली आणि माझ्या डोक्यावर उचलायला पितळी मूठ बसली. मग फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले. नवे लाकूड फुगेल म्हणून उर्बानो पुटपुटला, तेवढे मात्र मला समजले.

डाव्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. त्यावर तीस घरांची नावे होती. प्रत्येक घराला महिन्याचा एक दिवस. एका घराने दिवसभर मला ठेवायचे, पुढे वात लावायची, प्रार्थना म्हणायची आणि संध्याकाळ झाली की पुढच्या घरी पोचवायचे. दारात उभे राहून "नमो मरिये, निर्मळे" अशी हाक द्यायची, आतून उत्तर आले की उंबरा ओलांडायचा. चाळीस वर्षे मी अशी गावभर फिरले. ज्याला स्वतःचे घर नाही, त्याला लोक बिचारा म्हणतात. मला तीस घरे होती, तेव्हा मला काय म्हणायचे ते मला कधी ठरवता आले नाही.

गोंधळ तेवढाच नव्हता. आठव्या घरी गव्हासाठी पाऊस मागायचे आणि नवव्या घरी गवत वाळेपर्यंत तो नको म्हणायचे. अकराव्या घरची सासू बिल्बाओ शहरात गेलेला मुलगा परत यावा म्हणून डोळे पुसायची. चोविसाव्या घरी त्याच मुलाची बायको, माहेरी राहून, तो तिकडेच नीट स्थिरावो म्हणून मेणबत्ती लावायची. दोघी माझ्याच काचेला ओठ टेकवायच्या. तो मुका आतल्या मातेला होता की मला? मातेला म्हणावे तर ती काचेच्या मागे, तिला तो लागतच नसे. आणि मला म्हणावे तर माझ्याकडे कुणी बघतही नसे.

या मुक्यांची एक व्यवस्था होती. पंधरावे घर फेलिसाचे. फेलिसा म्हणजे आमच्या गावातली स्वच्छतेची कमाल. मी तिच्या दारात पोचले, की ती आधी व्हिनेगरमध्ये बुडवलेले फडके घ्यायची आणि एकोणतीस घरांचे एकोणतीस मुके एका हाताने साफ करायची. मग मला उजेडाकडे वळवून बघायची आणि म्हणायची, "आता कशी माणसात आलीस." मला त्याचा अभिमान वाटे. काळजी घेणे म्हणजे हेच, अशी माझी खात्री होती.

चौदावे घर कासिल्दाचे. तिची नजर अधू होती. म्हणून ती इतरांसारखा घाईघाईने मुका घेत नसे, काचेला कपाळ लावून बराच वेळ उभी राहायची आणि दर महिन्याला एकच मागणे मागायची, की नवऱ्याने एकदा तरी शेजारी बसून प्रार्थना म्हणावी. तिचा नवरा ओनेसिमो मेंढ्या राखायचा. चौदा तारीख आली की त्याच्या मेंढ्यांना नेमके लांबच्या कुरणात जावेसे वाटे. कधी घरात सापडलाच, तर मातेच्या मानासाठी टोपीही न काढता स्वयंपाकघरात चीज कापत बसायचा.

"पाहुणी आली वाटतं," तो तिथूनच म्हणायचा. "विचार तिला, चीज खाणार का."

"तुला तिनं जेवायला बोलावलं नाहीये," कासिल्दा म्हणायची, "नुसतं बसायला बोलावलंय."

मग दोघे हसायचे. तो मात्र यायचा नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत कासिल्दाच्या छातीत कफ साठला. तेरा तारखेच्या संध्याकाळी मला तिच्या घरी आणले, तेव्हा ती उठू शकत नव्हती. चौदाला सकाळी तिने ओनेसिमोला सांगितले की पेटी जवळ आण. त्याने मला उचलले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे हात मला लागले. ते खरखरीत होते आणि त्यांना लोकरीचा वास येत होता. तापाने तिचे ओठ फुटले होते, म्हणून त्याने नुकतेच त्यांना ऑलिव्हचे तेल लावले होते. तिने काचेला ओठ टेकवले. तिचा मुका खालच्या कोपऱ्यात, मातेच्या पायांपाशी पडला. तेलकट डाग उमटला, दोन्ही ओठांची घडी स्पष्ट दिसेल असा. दुपारी कासिल्दा गेली.

घर माणसांनी भरले. त्या दोन दिवसांत माझी आठवण कुणालाच झाली नाही, आणि ते बरोबरच होते. दफन झाल्यावर फेलिसा मला न्यायला आली. ओनेसिमो दारात उभा राहिला आणि म्हणाला की उद्या ये. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याने आतून कडी घातली.

मित्रांनो, मला काही कळेना. आता हा माणूस भक्त झाला म्हणावे, तर तो प्रार्थना म्हणत नव्हता. वात लावत नव्हता. उलट मेणबत्ती त्याने माझ्यापासून दूर नेऊन ठेवली. दुपारचे ऊन माझ्यावर येऊ लागले, की उठून खिडकी लावून घ्यायचा. एकदा त्याची मेहुणी येऊन माझ्यावरची धूळ झटकायला लागली, तर तो तिच्या अंगावर असा ओरडला की ती फडके टाकून निघून गेली. दिवसभर तो माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसायचा, पण मातेच्या चेहऱ्याकडे बघायचा नाही. तो तिच्या पायांकडे बघायचा. मी ठेवून घेतलेली पाहुणी होते की कोंडलेली चोर, हे मला सांगता आले नसते.

बाहेर गावाचा तोल सुटला होता. खिडकीखाली बायका मुद्दाम मोठ्याने बोलायच्या. एकीच्या मते त्याला माझे अक्रोडाचे लाकूड शहरात विकायचे होते. दुसरी म्हणाली, "जन्मभर टोपी काढली नाही, आणि आता मारियामातेलाच कोंडून बसलाय." फादर येऊन दार वाजवून परत गेले. त्यात सोळाव्या घरातली सून अडली होती. पहिले बाळंतपण, दोन दिवस कळा. तिची सासू ओनेसिमोच्या दाराशी येऊन रडली की एक रात्र तरी पेटी द्या. तो आत डोके धरून बसला होता. त्याने कडी काढली नाही. मला तेव्हा त्याचा राग आला.

अकराव्या दिवशी रेमेदिओस आली. तीस घरांच्या या फेरीची देखरेख तिच्याकडे होती. ती कासिल्दाची बालपणीची मैत्रीण, म्हणून तिला त्याने आत घेतले. ती माझ्याशेजारी बसली आणि तिने आधी सांगितले की सोळाव्या घरी मुलगी झाली, बाळ आणि आई दोघी ठीक आहेत. ओनेसिमोने एवढा मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला.

"आता बोल," रेमेदिओस म्हणाली. "किती दिवस ठेवणार आहेस हिला?"

"राहू दे ना. कुणाचं काय जातंय."

"तुला ही हवी असती, तर चाळीस वर्षं दर चौदाला मेंढ्यांत जाऊन लपला नसतास."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "इथनं ती फेलिसाकडंच जाणार ना?"

"तिचाच दिवस आहे पुढचा."

"ती पुसणार."

"पुसणारच. केवढी धूळ चढलीय बघ."

"म्हणून," ओनेसिमो म्हणाला.

रेमेदिओसने चष्मा लावला. ती खाली वाकली, मान तिरकी केली आणि खिडकी थोडी उघडून उजेड आत घेतला. मग ती तशीच जमिनीवर बसली.

"कासिल्दा?" तिने विचारले.

"ओठ फुटले होते तिचे. तेल मीच लावलं होतं."

त्यानंतर दोघेही रडले, आणि मी मध्ये उभी होते. इतके दिवस तो डाग माझ्या अंगावर होता, आणि त्याचे मोल मला सोडून त्या खोलीत दोघांनाही कळले होते.

दुसऱ्या दिवशी रेमेदिओसच्या निरोपावरून उर्बानो आला. त्याचे हात आता म्हातारे झाले होते, तरी माझे सांधे त्याला अजून पाठ होते. त्याने पट्ट्या काढल्या, खिळे उपसले आणि माझी काच अलगद बाहेर ओढली. मला वाटले, आपले आयुष्य संपले. मातेच्या अंगाला पहिल्यांदाच वारा लागला. मग त्याने नवी काच बसवली आणि जुनी ओनेसिमोच्या हातात दिली. ओनेसिमोने ती कासिल्दाच्या डोक्याच्या रुमालात, डाग वर राहील अशी, सैल गुंडाळून भिंतीतल्या फडताळात आडवी ठेवली.

खरे सांगते, मला ते आवडले नाही. त्या काचेवर चाळीस वर्षे गावातल्या तीस घरांनी ओठ टेकवले होते. ती एकट्या कासिल्दाची कशी झाली? मला कुणी विचारलेही नाही. फेलिसाने नवी काच पाहिली, पुसण्यासारखे काहीच नव्हते तरी सवयीने पुसली. सोळाव्या घरच्या सासूने मला ओट्यावर आदळले आणि म्हणाली, "गरज होती तेव्हा कुठं होतीस?" ज्या ज्या घरी गेले, तिथे मी परकी झाल्यासारखी राहिले.

पुढच्या महिन्यात तेरा तारखेच्या संध्याकाळी मला पुन्हा त्या दारात आणले. हाकेला काय उत्तर द्यायचे हे ओनेसिमोला येत नव्हते. तो नुसता "या" म्हणाला. त्याने मला टेबलावर ठेवले, वात लावायला तीन काड्या घालवल्या आणि मग टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. काच कोरी होती. तो फडताळाकडे जाऊन जुनी काच काढेल असे मला वाटले. पण तो गेला नाही. तो खाली वाकला. त्याचे नाक काचेवर आपटले, मिशा घासल्या, आणि तो गोंधळून मागे सरकला.

"कुठं टेकवायचे असतात ओठ, कासिल्दा?" त्याने विचारले. "वर की खाली?"

हे त्याने मातेला विचारले नाही, मलाही विचारले नाही. शेवटी त्याने खालच्या कोपऱ्यात, मातेच्या पायांपाशी ओठ टेकवले. मग शेजारच्या खुर्चीवर बसला. प्रार्थना त्याला येत नव्हती, म्हणून तो नुसता बसला, वात संपेपर्यंत.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी आपली गोष्ट संपवताना, आम्हाला स्वच्छ ठेवा, धूळ साठू देऊ नका, असे सांगायचे असते. मीही ते सांगणारच होते. आता मला नक्की काय सांगावे ते कळत नाही. पुसा, जरूर पुसा. पण जुनी वस्तू हातात घेतलीत की आधी घरातल्यांना एकदा विचारा. आणि विचारल्यावर कुणी गप्प बसले, तर फडके खाली ठेवा.