पाकिटाची मागची बाजू

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. उंची वीतभर, पोट गोल, झाकण घट्ट. माझ्या खांद्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे : 'सौ. नंदा दशरथ रामटेके यांस बंधूकडून सप्रेम भेट, १९८९.' मित्रांनो, माणसं डब्यावर मालकाचं नाव आवर्जून घालतात. आत काय आहे, ते मात्र कधी लिहीत नाहीत. ते सगळं घरच्या बाईच्या डोक्यात असतं. या सवयीमुळे एका पिल्लाचा जीव कसा टांगणीला लागला, ते मला सांगायचं आहे. निदान मी आधी असंच समजत होतो, की दोष या सवयीचा आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका चकतीतून झाला. कारखान्यातल्या यंत्राने माझ्यावर धाडकन दाब दिला आणि मला पोट आलं. माणसांना ते चाळिशीनंतर येतं, मला पहिल्याच दिवशी आलं. नागपुरात नंदाबाईंच्या स्वयंपाकघरात मी पंचवीस वर्षं मानाने काढली. चौदा एप्रिलला बुंदीचे लाडू माझ्यात, दिवाळीचा चिवडा माझ्यात. "या डब्यातला चिवडा सादळत नाही," असं शेजारणी म्हणत. खरं तर तो सादळायच्या आत संपत असे. पण कौतुक आपणहून आलं की त्याची चौकशी करू नये.

पुढे दशरथराव गेले. मुलगा धम्मदीप याला हिंजवडीत नोकरी लागली आणि नंदाबाई मला घेऊन पुण्याला आल्या. घर नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. सूनबाई चैतालीने ओट्यावर एकसारख्या पारदर्शक बरण्या मांडल्या होत्या. त्यांत मी म्हणजे लग्नात आगंतुक. माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्या पोटात नऊ वर्षं खिळे, गेलेले बल्ब आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या सहा किल्ल्या होत्या. मी तक्रार केली नाही. डब्याला तोंड असतं, पण त्यावर झाकण असतं.

मग साबुदाणा आला. पांढराशुभ्र, मुठीएवढा, दोन महिन्यांचा ससा. नंदाबाईंची नात सृष्टी, वय वर्षं दहा, हिने वाढदिवसाला हट्टच धरला होता. सशाला खाद्य हवं आणि खाद्याला डबा हवा. नंदाबाईंनी मला खाली उतरवलं, चिंच लावून घासलं, उन्हात ठेवलं. मी चकाकलो. वाटलं, आपले दिवस परत आले.

दुकानातली हकीकत मी ऐकीव सांगतो. दुकानदार सीताराम यांनी दोन पाकिटं पुढे ठेवली. एकात साधे, हिरवट-तपकिरी, एकसारखे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या. दुसऱ्यात लाल, पिवळे तुकडे, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया. वर गाजर खाणारा हसरा ससा.

"पिल्लू आहे ना? मग हे साधं न्या," सीताराम म्हणाले.

"काहून? हे तं ढोरांची ढेप दिसते," नंदाबाई म्हणाल्या. "लेकराच्या तोंडाला चव नको?"

"आजी, रंगीतच घे ना, प्लीज!" सृष्टीने त्यांचा पदर ओढला.

"घ्या," सीताराम म्हणाले. "ससा तुमचा, पोट त्याचं. मी मध्ये बोललो, चुकलं."

घरी आल्यावर पाकीट माझ्यात रिकामं झालं. ते करताना नंदाबाई थांबल्या. मराठी वर्तमानपत्र त्या शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण पाकिटावर सगळं इंग्रजी होतं, तेही मुंगीच्या पावलांएवढं.

"सृष्टी, मागं काय लिहिलं हाय, पाय बरं."

सृष्टीने पाकीट उलटं केलं. तिचे ओठ हलले. जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "काही नाही गं. कंपनीचा पत्ता आहे."

मी जवळच होतो. पत्ता वाचायला कुणाला एवढा वेळ लागत नाही. पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही. पोट भरलेलं असलं की माझंही डोकं चालत नाही.

नंदाबाईंच्या घरात पाकीट फेकत नाहीत. त्यांनी ते उलटं करून धुतलं, वाळवलं आणि दर आठवड्याची मेथी त्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायला सुरुवात केली.

तीन आठवडे साबुदाण्याची चैन चालली. तो वाटीतले लाल-पिवळे तुकडे आणि बिया वेचून खाई, हिरवे तसेच ठेवी. गवताकडे तर ढुंकूनही पाहीना. "किती हुशार आहे!" सगळे म्हणत. मित्रांनो, ताटातलं फक्त गोड खाणाऱ्या मुलाला कुणी हुशार म्हणत नाही. सशाला म्हणतात.

एका रविवारी सकाळी तो कोपऱ्यात पाठ वर काढून बसला. वाटीला तोंड लावेना. खाली एकही लेंडी नव्हती. नंदाबाईंनी एका हाताने सृष्टीला धरलं, दुसऱ्या काखेत मला मारलं, आणि रिक्षा केली. सृष्टीच्या ओढणीत साबुदाणा होता. तो दातांवर दात घासत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

डॉक्टर श्यामलाबाईंनी त्याचं पोट चाचपलं. "खायला काय देता?"

नंदाबाईंनी मला टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी आत हात घातला, मूठभर बाहेर काढलं आणि तळहातावर पसरलं. चिवड्याची तारीफ करत माणसं माझ्यातून भरायची, ती मूठ मला आठवली. ही तशी नव्हती.

"पाकीट कुठंय? फेकलंत?"

"आम्ही फेकत नाही," नंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी घरी फोन लावला. "चैताली, फ्रिजमधली मेथी ओत. पिशवी सुलटी कर. मागं काय लिहिलंय ते सांग."

फोन टेबलावर होता. मेथी ओतल्याची सळसळ ऐकू आली. मग चैतालीचा आवाज. "पूर्ण वाढ झालेल्या सशांसाठी खाऊ. आठवड्यातून दोनदा, एक चमचा. रोजचा आहार म्हणून देऊ नये. सहा महिन्यांखालील पिल्लांना देऊ नये." ती थांबली. "आई, तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

नंदाबाईंनी सृष्टीकडे पाहिलं. सृष्टीने माझ्याकडे. मी काय करणार?

"नाही वाचलं," नंदाबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

डॉक्टरांनी सुई टोचली, पिचकारीने पातळ खाद्य भरवलं. "सशाचं आतडं थांबलं की ससा थांबतो. दर तीन तासांनी भरवा. लेंडी पडली तर वाचला."

रविवारचा उरलेला दिवस आणि रात्र अशी गेली, की तिघं मोठी शिकलेली माणसं एका लेंडीची वाट पाहत बसली. चैताली अधूनमधून म्हणे, "निदान कुणाकडून वाचून घ्यायचं होतं, आई." नंदाबाई पिचकारी भरत राहिल्या. त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. सृष्टीने जेवायला नकार दिला; सगळ्यांना वाटलं, सशासाठी.

सोमवारी सकाळी सहाला लेंडी पडली. एकच, मिऱ्याएवढी. मग दोन. धम्मदीप कंपनीच्या बसमध्ये चढला आणि दर स्टॉपला फोन करत राहिला : "आता किती?"

त्या दिवशी शाळेतून आल्यावर सृष्टी आजीला घेऊन दुकानात गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं : मुख्य जेवण वाळलेलं गवत, हवं तेवढं, पिल्लू आहे तोवर थोडा लसूणघास नावाचा हिरवा चारा, आणि सोबत साधे, एकरंगी, भरपूर तंतूंचे पेलेट, तेही हळूहळू सुरू करायचे. सीतारामांनी तेच साधं पाकीट काढलं. म्हणाले, "ढेप आली," आणि बाकी काही बोलले नाहीत. पुण्यात याला सहानुभूती म्हणतात.

घरी मला धुऊन पालथं घातलेलं होतं. नंदाबाईंनी मला उताणं केलं.

"आजी," सृष्टी म्हणाली. "मी वाचलं होतं. तेव्हाच. मला रंगीतच हवं होतं."

"मले माहीत हाय."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

नंदाबाईंनी नवं पाकीट उचललं आणि उलटं करून तिच्या हातात दिलं.

"हं. आता मोठ्यानं वाच."

सृष्टीने पहिल्या अक्षरापासून वाचलं. तंतू किती, कुणासाठी, किती द्यायचं, कधीपर्यंत टिकेल. चैताली दारात उभी राहून ऐकत होती; तिला सगळं कळलं. शेवटी खरोखरच कंपनीचा पत्ता आला, तोही सृष्टीने पिनकोडसकट वाचला. मगच पाकीट माझ्यात रिकामं झालं. त्याची मागची बाजू कात्रीने कापून माझ्या झाकणाच्या आतून चिकटवली आहे.

साबुदाणा आता गवत खातो. पूर्वीसारखा उड्या मारत नाही अजून. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. मी वाट पाहतो आहे.

मित्रांनो, मी डबा आहे. जे ओताल ते मी मुकाट्याने ठेवून घेतो. तुमच्या घरातलं मुकं जनावरही तसंच, समोर ठेवाल ते खातं. आम्हां दोघांनाही वाचता येत नाही. तुम्हाला येतं. तेव्हा कुणी विचारलं, मागं काय लिहिलंय, तर खरं ते मोठ्यानं वाचून दाखवा.